आहेराच्या जांभळ्या बॉक्सबाबत खुलासा

मानवत,
बुधवार, ९ जुलै

ती. स्व. सौ. हेमाआत्या हिस,

उत्तराचा शिरसाष्टांग नमस्कार. (अष्टांगांपैकी डाव्या हाताचा अंगठा कालच कटरखाली आल्यामुळं पट्टीत आहे, तेवढा या नमस्कारातून वगळावा.) तुझे गुडघे कसे आहेत? विद्यापीठाच्या कचेरीचे जिने तीस वर्षं चढून झिजलेले ते गुडघे हवा बदलली की कुरकुरतात हे मला ठाऊक आहे, म्हणून आधी त्यांची चौकशी. माधवकाकांची साखर आटोक्यात आहे ना? त्यांचं गुलाबाच्या फुलाचं सुप्रभात मला रोज सव्वासहाला येतं, त्यावरून ते वेळेवर उठतात एवढं कळतं. फुलाखाली स्वतःबद्दल ते काही लिहीत नाहीत. इकडं पाथरीला आईबाबा खुशाल आहेत. बाबांचं ब्लडप्रेशर मध्यंतरी वाढलं होतं आणि त्याला मीच जबाबदार आहे असं आईचं मत आहे. त्याबद्दल पुढं सांगतेच.

घरात चार फोन असताना ही पोरगी पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. आत्या, तेवीस मेपासून तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. ‘पाथरीकर परिवार’ हा ग्रुप तू त्याच दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सोडलास (तसं तिथं अजून लिहिलेलं आहे आणि ते सगळ्यांना दिसतं), आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक केलास. ब्लॉक कसं करायचं ते दिवाळीत तुला मीच शिकवलं होतं, त्या विमावाल्यासाठी. आता उरलं पत्र. लिहिलेला कागद पुरता वाचल्याशिवाय तू फाडत नाहीस, या तुझ्या सवयीवर माझी सगळी भिस्त आहे. आणि आधीच सांगते, या पत्रात मी तुझ्याकडं काहीएक मागणार नाही. माझं अप्रेंटिसशिपचं वर्ष एकतीस ऑगस्टला संपतं. बन्सीधरशेठ मला कायम करणार की नारळ देणार हे त्यांनी अजून सांगितलेलं नाही, पण तो विषय वेगळा. मला जास्त लागलंय ते तुझं न बोलणं. तेव्हा जे झालं ते कसं झालं, एवढंच सांगते.

मुळात मला इथं चिकटवलंस तू. बी.एस्सी. झाल्यावर मी दोन वर्षं तलाठी होण्याचा प्रयत्न करत होते आणि सरकार मला तलाठी न करण्याचा. शेवटी तू कंटाळून तुझ्या ओळखीच्या बन्सीधरशेठना फोन केलास, की पोरीचा हात चांगला आहे, चित्रं काढते, हिला काहीतरी शिकवा. शेठनी नुकताच ‘पॅकेजिंग डिझाइन’ असा नवा बोर्ड लावला होता. (बोर्डाच्या आधी तिथं पेढ्यांचे बॉक्स व्हायचे. बोर्डानंतरही पेढ्यांचेच बॉक्स व्हायचे, पण भाव वाढला होता.) सरकारी योजनेत बसवून त्यांनी मला वर्षभराची शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलं. तेव्हापासून मी रोज पाथरीहून मानवतला जीपनं येते, पुढच्या सीटवर चौथी म्हणून. गिअर बदलताना ड्रायव्हर मला ‘ताई, पाय’ म्हणतो, तेवढ्यात मी पाय घेते आणि परत ठेवते. बाबा शेजाऱ्यांना सांगतात की उत्तरा डिझायनर झाली. आई सांगते की ती खोकी चिकटवायला जाते. दोघंही खरं बोलतात.

आमचं वर्कशॉप एका जिनिंगच्या भिंतीला लागून आहे. कापसाच्या दिवसांत रुई उडते आणि ओल्या खळीवर बसते, त्यामुळं दिवाळीच्या सुमाराला आमच्या बॉक्सना दाढी येते. ती दाढी ब्रशनं काढणं हे माझं पहिलं काम. माझे गुरू चंद्रभानमामा, वय पासष्ट, डोळ्यांना चष्मा एक आणि कपाळावर दुसरा. पुठ्ठा कापायचा साचा, ज्याला डाय म्हणतात, तो लाकडात पाती ठोकून हातानं बनवणारा या भागातला हा एकच माणूस. पहिले तीन महिने त्यांनी मला एकही बॉक्स बनवू दिला नाही. बनलेले बॉक्स फक्त उलगडायला लावले. ‘पोरी, आदी खोलायला शीक. बांधायचं लय सोपंय,’ एवढाच धडा. मग मी दिसेल तो बॉक्स उलगडत सुटले. साबणाचा, टूथपेस्टचा, अगरबत्तीचा. घरातला प्रत्येक बॉक्स जमिनीवर सपाट झाला आणि आतला माल उघड्यावर आला. बाबांच्या गोळ्यांचे पाचही बॉक्स मी एका रविवारी उलगडून भिंतीला चिकटवले आणि गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. सकाळची कुठली आणि संध्याकाळची कुठली हे बाबा आठवडाभर रंगावरून ठरवत होते. (ब्लडप्रेशरचा विषय वर आलाच आहे.)

चौथ्या महिन्यात मला कटर मिळाला. मी बनवलेल्या पहिल्या नमुन्यात छपाई आतल्या बाजूला आली. शेठ तो हातात फिरवून शांतपणे म्हणाले, की आतल्या शेवयांना वाचायला बरं. दुसऱ्या बॉक्सचं झाकण उघडलं की तळही उघडायचा. तो मी एका बचत गटाच्या बायकांसमोर उघडून दाखवला, तेव्हा अर्धा किलो कुरडया शेठच्या पायावर पडल्या. पण आत्या, खरं सांगू, मला ते काम आवडायला लागलं होतं. सपाट पुठ्ठा चार ठिकाणी दुमडला की त्याला पोट येतं आणि त्यात काहीतरी ठेवता येतं, याचं मला अजून नवल वाटतं. दोन वर्षं मी गावनमुना सातबारा पाठ केला, त्याचं असं कधी वाटलं नाही.

योजनेचा एक भाग म्हणून दर शनिवारी आम्हा शिकाऊंना फोनवर क्लास असतो. पुण्याच्या एक मॅडम शिकवतात. त्यांचं एक वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, की वापरणाऱ्याला विचारू नका, त्याला वापरताना बघा. लोक सांगतात एक आणि करतात दुसरं. जानेवारीत आमच्याकडं एका मोठ्या कापड दुकानाची ऑर्डर आली. मानवत, पाथरी आणि परभणी अशा तिन्ही ठिकाणी त्यांची दुकानं. लग्नसराईसाठी आहेराच्या साडीचा एकच, देखणा, लक्षात राहील असा बॉक्स हवा होता. शेठनी ते काम माझ्याकडं दिलं. माझं पहिलं स्वतंत्र काम! आता वापरणारा बघायचा म्हणजे कुणाला बघायचं? मला तुझ्याशिवाय दुसरं नाव सुचलं नाही.

कारण दिवाळीत मी तुझ्याकडं आठ दिवस होते आणि तुझं कपाट मी बघितलं होतं. वरचे दोन कप्पे आलेल्या साड्यांचे, खालचे दोन द्यायच्या साड्यांचे, आणि वरच्या कप्प्यातली साडी योग्य मुदतीनं खालच्या कप्प्यात उतरते. बॉक्स उघडायचा नाही. कुठली कुणाकडून आली ते लिहायचं नाही, सगळं डोक्यात. तूच मला सांगितलंस, की ज्या घरून आली त्या घरी परत जाता कामा नये, एवढं सांभाळलं की झालं. आणि बॉक्सवरून तुला सगळं कळायचं. सेलूच्या दुकानाचा सोनेरी, जिंतूरचा पोपटवाला, परभणीचा लाल. तू बॉक्स उन्हात धरून झाकणाच्या घडीवर आलेली पांढरी रेघ बघायचीस आणि सांगायचीस, की हा दोनदा उघडलेला आहे, हा कोराच आलाय. तीस वर्षांत तुझी एक साडी चुकीच्या घरी गेली नाही. मी ते बघून थक्क झाले होते. आजही आहे.

तर मी सगळा अभ्यास कागदावर मांडला. एक साडी साधारण पाच घरं हिंडते, तेव्हा कुठं ती कुणीतरी नेसतं. हे मी पाथरीतल्या नऊ बायकांना विचारलं तेव्हा नऊच्या नऊ जणी म्हणाल्या, की आमच्यात असलं काही नसतं. मग मी त्यांची कपाटं बघायला मागितली, तेव्हा त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. मॅडमचं वाक्य तंतोतंत पटलं. आणि मग, आत्या, मी ते केलं. ज्या गोष्टीची एवढी अडचण होते, म्हणजे कुठली साडी कुणाकडून आली हे लक्षात ठेवायची, ती अडचण मी बॉक्समध्येच सोडवून टाकली. जांभळा बॉक्स, वर चंदेरी वेल, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुबक तक्ता छापला. ‘यांजकडून’, ‘यांस’, ‘निमित्त’. खाली पाच ओळी. (लायब्ररीच्या पुस्तकाला मागं कार्ड असतं ना, तसं.) मला वाटलं, तुझ्यासारख्या बायकांच्या डोक्यावरचा भार हलका होईल.

आता तुला वाटेल, हे कुणी पास कसं केलं. दुकानाच्या शेठना ते फार आवडलं. त्यांना वाटलं, पाच ओळी म्हणजे पाच भाऊ मिळून एक साडी देतात त्यांच्या नावांसाठी, आणि त्यांनी लगेच काउंटरवरच्या माणसाला पक्क्या शाईचं पेन घेऊन दिलं, की गिऱ्हाइकाला पहिली ओळ आपणच भरून द्यायची. मी गैरसमज दूर केला नाही. मला वाटलं, मोठ्या डिझाइनचे दोन अर्थ निघतातच. फक्त चंद्रभानमामा डाय ठोकता ठोकता थांबले. ‘काय करायलीस ते तुला तरी कळायलंय का?’ म्हणाले. मी म्हटलं, मामा, लोक काय करतात ते बघून केलंय. त्यावर ते म्हणाले, ‘लोक करतेत म्हनून छापायचं नसतंय.’ मी मनात म्हटलं, जुनी माणसं. डाय मात्र त्यांनी इतकी नेटकी बनवली की झाकण बोटाच्या धक्क्यानं लागायचं.

फेब्रुवारीपासून सगळ्या तालुक्यात माझा जांभळा बॉक्स. जीपमध्ये बायकांच्या मांडीवर तो दिसला की मला वाटायचं, ड्रायव्हरला सांगावं, हा माझा. मार्चमध्ये तुमच्या नव्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा तुला चार साड्या आल्या, चारही जांभळ्या बॉक्समध्ये, आणि त्यातली एक तुझ्या जुन्या मैत्रिणीची, कमलबाईंची. तू त्या नेमानं, न उघडता वरच्या कप्प्यात ठेवल्यास. मेपर्यंत सात झाल्या. सोनेरी गेला, पोपट गेला, लाल गेला. आत्या, तीस वर्षं तू ज्या खुणांवर चाललीस त्या सगळ्या मी एका रंगात बुडवल्या, आणि हे मला त्या दिवसापर्यंत कळलंसुद्धा नाही. चूक तुझी नव्हतीच. सात सारख्या बॉक्समधून कुणाचंही डोकं चुकेल.

आणि त्या सातांतला नेमका कमलबाईंचाच तू कमलबाईंच्या लेकीच्या, मधुवंतीच्या लग्नासाठी काढलास. तिथंही निभावलं असतं. कारण नुसता बॉक्स गेला असता तर कमलबाईंनी तो उघडलाही नसता. त्यांच्याही कपाटाला चार कप्पे आहेत. पण तू काकांना रिबन बांधायला सांगितलीस. काकांनी पस्तीस वर्षं हेडक्लार्की केली आहे. झाकण नीट बसतंय का बघायला त्यांनी ते उघडलं, आणि आत तक्ता दिसला, पहिली ओळ भरलेली आणि दुसरी रिकामी. रिकामा रकाना बघून काकांना कसं होतं ते तू माझ्यापेक्षा चांगलं जाणतेस. (त्यांनी एकदा रेल्वेच्या फॉर्मवर ‘फक्त कार्यालयीन वापरासाठी’ हा भागही भरला होता.) त्यांनी शाईचं पेन काढलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात दुसरी ओळ पूर्ण केली. वर समासात जागा होती, तिथं एक शेराही दिला. मग रिबन बांधली, छान दुहेरी गाठ मारून.

तेवीस मेचं मी सांगायला नको, पण तू लवकर उठून गेलीस, तेव्हा तुला सगळं दिसलं नसेल. आहेर पुकारायला माइकवर कमलबाईंचे दीर दत्तराव होते. दत्तराव नुसतं नाव पुकारत नाहीत. रिबन बांधलेला बॉक्स दिसला की तो उघडून साडीचा रंग, काठ, पदर सगळं मांडवाला सांगतात. त्यांनी पुकारलं, परभणीच्या हेमाताई माधवराव यांच्याकडून नवरीला साडी. रिबन सोडली, झाकण उघडलं, आणि आत लिहिलेलं बघून त्यांना वाटलं आशीर्वाद आहे. ‘लय मायेनं लिव्हलंय बगा,’ म्हणाले, आणि त्याच लग्नाच्या खड्या आवाजात वाचायला लागले. यांजकडून, सौ. कमलबाई. यांस, सौ. हेमाताई. निमित्त, वास्तुशांत. यांजकडून, सौ. हेमा. यांस, चि. सौ. कां. मधुवंती. निमित्त, शुभविवाह. शेरा, सदर साडी न उघडता, जशीच्या तशी पुढे रवाना. आणि खाली काकांची सही, तीही त्यांनी वाचली.

वरपक्षाकडून हसू फुटलं. मी जिलेबीजवळ उभी होते. आत्या, खोटं बोलत नाही, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की रकान्याची रुंदी अगदी बरोबर धरली गेली आहे, अक्षर कुठं बाहेर गेलं नाही. दुसऱ्या क्षणी मला तू दिसलीस. तू पदर सावरलास, पर्स घेतलीस आणि कुणाकडं न बघता, न जेवता, मधल्या वाटेनं सरळ बाहेर पडलीस. मागं काका, हातात अक्षता तशाच. त्या विचाराची मला आजही लाज वाटते. मी तुझ्या मागं धावायला हवं होतं. मी जिलेबीची ताटली धरून उभी राहिले.

पुढचं तुला कानावर आलं असेल. त्या दिवसापासून घराघरांत जांभळे बॉक्स उघडले गेले. पाथरीत दोन जावा अजून एकमेकींच्या दारावरून जात नाहीत, एका घरात तर वरमाईला स्वतःच्याच आईची साडी चौथ्या हातानं परत आलेली निघाली. दुकानाच्या शेठनी टेंपो भरून अकराशे बॉक्स आमच्या दारात आणून टाकले. बन्सीधरशेठनी मला शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी मला सोनेरी कागद आणि खळ दिली, आणि नऊ दिवस मी त्या अकराशे तक्त्यांवर पट्ट्या चिकटवत बसले. बायका दुकानात पट्टी नखानं खरवडून बघायच्या, म्हणून ते सगळे बॉक्स शेवटी रद्दीत गेले. चंद्रभानमामा एकदाही ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त माझ्या चहात साखर जास्त टाकायला लावली.

आणि मग जूनमध्ये एक गंमत झाली. वर्कशॉपच्या मागच्या दारानं बायका यायला लागल्या. कुणी पेढ्याच्या बॉक्सची चौकशी करायच्या, कुणी नुसतंच ऊन फार आहे म्हणायच्या, आणि निघता निघता हळूच विचारायच्या, की साधा बॉक्स मिळंल का, आत काही न लिव्हलेला, आन् उघडला तरी उघडलेला न दिसणारा. पाच जणी झाल्यावर बन्सीधरशेठनी कान टवकारले. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, ‘पोरी, लोकास्नी काय लागतंय ते तुला कळलं हुतं. फकस्त उलटं केलंस.’ आता सुलटं करायचं होतं. मी तुझी ती पांढरी रेघ आठवली. रेघ येते, कारण पुठ्ठा आतून पांढरा असतो आणि घडी उघडमीट झाली की वरचा रंग तडकतो. मग मी आरपार एकाच रंगाचा पुठ्ठा शोधला, साधा मातकट. खळ नाही, पट्टी नाही, दोन जिभा एकमेकींत अडकतात आणि सुटतात. डाय अर्थात मामांची. चौदा नमुने वाया गेले. पंधरावा जमला, असं मला वाटतं. मामांनी तो दोनदा उघडून मिटला आणि दोन्ही चष्मे डोळ्यांवर घेऊन बघितला. मग स्वतःच्या पिशवीत घालून घरी घेऊन गेले.

बस, इतकंच सांगायचं होतं. आत्या, तुला सगळ्या मांडवासमोर मान खाली घालावी लागली ती माझ्यामुळं, काकांमुळं नाही. त्यांना पुन्हा कागद-पेन हातात दे. तू त्यांना किराण्याची यादीही करू देत नाहीस असं आईकडून कळलं. मला तुझी फार आठवण येते. रविवारी सकाळी फोनवर तुझ्याशी भांडायची सवय झाली होती, आता रविवार लांबतो. रागाव, पण बोलून रागाव. काकांना नमस्कार. तब्येतीला जप, जिने चढू नकोस.

तुझी (अजून असेन तर),
उत्तरा

ता. क. १ : काही मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते खरंच आहे, ही मागणी नाही, विनंती आहे. जीपवाल्यानं या पत्रासोबत जो मातकट बॉक्स तुझ्या हातात दिला असेल, तो उन्हात धरून बघ आणि तुझ्याकडं येण्याआधी किती वेळा उघडला गेला ते सांग. मागच्या दारानं आलेल्या प्रत्येक बाईला शेठनी विचारलं, की हे तपासायला या भागात सगळ्यांत पक्की नजर कुणाची, आणि प्रत्येकीनं तुझंच नाव घेतलं. (लग्नात हसलेल्यांपैकीही तिघी त्यात होत्या. त्या दिवसानं तुझं नाव गेलं असं तुला वाटत असेल, तर ते उलट वाढलं आहे.) शेठनी सरळ सांगितलंय, परभणीच्या हेमाताईला ओळखू आलं नाही तर पोरगी कायम, ओळखू आलं तर राम राम. माझ्यासाठी म्हणून खोटं सांगू नकोस. तू खोटं सांगितलंस तर मामांना कळेल.

ता. क. २ : शनिवारी मागच्या दारानं कमलबाई आल्या होत्या. बॉक्ससाठी नाही. लग्नाच्या संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी साडीची घडी मोडली, तेव्हा पदरात एक चिठ्ठी निघाली. काकांचंच अक्षर, तेव्हाही बॉक्स त्यांनीच बांधला असणार. ‘सौ. हेमा व माधवराव यांजकडून सौ. कमलबाई यांस, उद्यापनानिमित्त,’ आणि तारीख बारा वर्षांपूर्वीची. म्हणजे ती साडी मुळात तूच त्यांना दिलेली. त्यांनी नुसता जांभळा बॉक्स विकत आणून तुलाच परत केली. आता त्या सगळीकडं सांगत फिरतात असं तुला वाटतंय ना? एवढं सोडलं तर त्या घराबाहेर पडत नाहीत. माझ्यासमोर स्टुलावर बसून डोळे पुसत होत्या, की ‘हेमानं साडी ओळखली गं, म्हणून न जेवता उठून गेली. पंचवीस वर्षांची मैत्रीण, आता कुठल्या तोंडानं फोन करू?’ त्यांचा फोन नाही म्हणून तू तिकडं तोंड लपवून बसलीस, तुझा नाही म्हणून त्या इकडं. तू ती साडी ओळखायचा प्रश्नच येत नाही, कारण देतानाही तू ती उघडून बघितली नव्हतीस, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ते तुझं तू सांग. येत्या रविवारी अकरा वाजता त्या वर्कशॉपवर येणार आहेत.

ता. क. ३ : बॉक्समध्ये तीच साडी आहे. नमुना तपासायला म्हणून कमलबाईंकडून मी मागून घेतली. डाळिंबी नारायणपेठ, हिरवे काठ. बारा वर्षं या कपाटातून त्या कपाटात गेली, पण अजून एकदाही कुणाच्या अंगाला लागलेली नाही. रविवारी तीच नेसून ये. मी तिला फॉल लावून पिको करून घेतलाय, त्यामुळं आता ती कुणाला देता येणार नाही.